नळाला कुठं आई असते?

ताई,

माझं वय ४१. मूळचा कोल्हापूरचा, गेली सोळा वर्षं भोसरीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. दारू नाही, तंबाखू नाही, पगार घरात देतो. खोड एकच, तोंड. आमच्याकडं 'रांडेच्या, कुठं होतास इतके दिवस?' असं म्हटल्याशिवाय मित्र भेटल्यासारखा वाटत नाही. शॉपमध्ये तर विचारूच नका, माझ्या शिव्या ऐकून पोरं हसत असतात. पण बायकोला किंवा मुलीला आजवर एक अक्षर वाईट बोललेलो नाही. घरात शिव्या देतो त्या वस्तूंना. गाडी सुरू होईना, वायफाय गेलं, मॅच हरलो, असलं काही झालं की.

गेल्या महिन्यात सासरे आठ दिवस राहायला आले होते. सासूबाई जाऊन चार महिने झालेत. रविवारी सकाळी बाथरूमचा नळ गळत होता म्हणून पान्हा घेऊन बसलो. वॉशर बसेना, पान्हा निसटला, बोटं सोलवटली आणि मी त्या नळाला आईवरून एक सणसणीत हाणली. मोठ्यानं. सासरे बाहेर पेपर वाचत बसले होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं संगमनेरला निघून गेले, चहासुद्धा न घेता. तेव्हापासून बायको कामापुरतं बोलते. एकदाच म्हणाली, "माझी आई जाऊन चार महिने झालेत आणि तुम्ही बाबांसमोर आईवरून शिवी देता?" मी म्हटलं, "अगं, नळाला दिली. नळाला कुठं आई असते?" तर म्हणाली, "हे तुमच्या कोल्हापुरात चालत असेल. आमच्याकडं नाही चालत."

ताई, ती स्वतः लॅपटॉपसमोर दिवसभर 'शिट' म्हणते, कधी कधी इंग्रजीतला तो 'फ'सुद्धा. ते चालतं. आमची आजी उठता-बसता शिव्या द्यायची, ती गेली तेव्हा सगळी गल्ली रडली. तुकोबांच्या गाथेतसुद्धा शिव्या आहेत म्हणतात. मग मी एकटाच कसा वाईट? शेवटी शब्दच ना? तोंडातून आपोआप निघतो. आता बायकोनं फ्रिजवर डबा ठेवलाय, एका शिवीला दहा रुपये. महिन्यात चारशे सत्तर जमले. यावर काही उपाय?

– एक तोंडाळ, भोसरी

*

भाऊ,

नळाला आई नसते, या मुद्द्यावर तुम्ही जिंकलात. वाचताना मी मोठ्यानं हसले, हेही कबूल करते. पण हसून झाल्यावर मी तुमचाच प्रश्न उलटा धरून पाहिला. नळाला आई नाही, गाडीला नाही, वायफायला तर नाहीच नाही. मग तुमच्या शिवीत ही आई आली कुठून?

तुम्ही म्हणाल, ती कुणाचीच नसते, नुसती बोलायची पद्धत असते. एरवी ते खरंही असेल. पण ज्या घरातली आई चार महिन्यांपूर्वी गेलीय, त्या घरात 'आई' हा शब्द बेवारस नसतो. त्या रविवारी तो बाथरूममधून निघाला आणि बाहेर पेपर धरून बसलेल्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडला. तुमच्या कानाला त्या शिवीचा नुसता ठसका लागला, कारण तुमच्या तोंडात ती वापरून वापरून गुळगुळीत झालीय, तुमच्या लेखी ती 'हुश्श' किंवा 'अरेच्चा' आहे. त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. शिवी देणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं भांडण होतं ते बहुतेक वेळा इथंच. दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांना ऐकू आलेलं वेगळं असतं.

तुमच्या शिवीचं वय सांगते, म्हणजे तुम्हाला जरा अभिमानही वाटेल. मुंबईत परळला सापडलेला एक शिलालेख आहे, शिलाहार राजा अपरादित्याचा, इसवी सन ११८७ मधला. दानाचा लेख आहे. सगळा मजकूर संस्कृतात, पण हे दान जो कुणी मोडील त्याला दिलेली धमकी मात्र चक्क मराठीत. त्याच्या आईला गाढव काय करील, ते तिथं स्पष्ट लिहिलंय. जे क्रियापद राजानं दगडावर कोरून घेतलं, ते मला इथं छापता येत नाही, याला काय म्हणावं! असले दगड कोकणात आणि देशावर बऱ्याच ठिकाणी उभे आहेत, त्यांना गद्धेगाळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर आणि खाली गाढव आणि बाई यांचं चित्र, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. मालवणीत आणि गोव्यात शिव्यांना आजही 'गाळी' म्हणतात, त्यातलाच हा 'गाळ'.

या दगडाकडं जरा निरखून बघा. दान मोडणारा पुरुष. धमकी त्याला. आणि भोगायचं कुणी? त्याच्या आईनं, जिचा त्या जमिनीशी, दानाशी, राजाशी काडीचा संबंध नाही. आठशे-साडेआठशे वर्षांत या पत्रावरचा पत्ता बदललेला नाही. पाकिटावर नाव बाप्याचं असतं आणि ते उघडतं बाईच्या घरात. 'साला' घ्या. किती साधा शब्द, पोरंटोरं म्हणतात. त्याचा सरळ अर्थ 'तुझी बहीण माझी बायको' एवढाच होतो. त्यात त्या बहिणीला कुणी विचारलेलं नाही. म्हणून एकाच खोलीत बसलेले चार पुरुष एखादी आईबहिणीची शिवी ऐकून हसतात आणि तिथंच चहा घेऊन आलेली बाई तोंड फिरवून आत जाते. ती नाजूक आहे म्हणून जात नाही. पाकिटातला मजकूर तिच्याबद्दलचा असतो म्हणून जाते.

आता तुमच्या बायकोच्या 'शिट'कडं वळू, कारण त्या मुद्द्यात दम आहे.

तो परळचा दगड पुन्हा आठवा. दान संस्कृतात आणि धमकी मराठीत, असं का? कारण घाबरवायचं तर माणसाला त्याच्या घरच्या भाषेत घाबरवावं लागतं. हे त्या काळच्या लेखनिकाला कळलं होतं. २००३ साली बोस्टन विद्यापीठातल्या कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच बोटांना तारा लावून मोजलं. मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी नंतर शिकलेली, अशी माणसं त्यांनी घेतली. त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले, दाखवले. साधे शब्द, शिव्या आणि लहानपणी मोठी माणसं रागावताना म्हणतात तसली वाक्यं. मन हललं की बोटांच्या कातडीला किंचित घाम सुटतो, तो यंत्रावर दिसतो. तुर्की शब्दांना तो जास्त सुटला, आणि लहानपणच्या रागावण्याला तर फारच. इंग्रजीतलं तेच रागावणं बऱ्याच जणांच्या कातडीपर्यंत पोचलंच नाही.

तुमची बायको 'शिट' म्हणते तेव्हा तिच्या कातडीला काही होत नाही. तो शब्द तिला ऑफिसात मिळालाय, की-बोर्डबरोबर. त्या शब्दावरून तिला लहानपणी कुणी फटका दिलेला नाही. तुमची शिवी मात्र तिला माहेरच्या अंगणात नेऊन उभी करते, जिथं असला शब्द काढल्यावर तोंडावर चापट बसत होती. आणि चापट मारणारी आता नाही.

तरी तिला हेही सांगा, पण आज नको, दोन महिन्यांनी, मूड बघून. तुमची मुलगी इंग्रजी शाळेत असली तर तिच्यासाठी तो 'फ' इतका बोथट राहणार नाही. तिच्या पिढीला तो घरच्यासारखाच लागेल. आपण परक्या भाषेतली शिवी घरात आणतो ती बिनविषारी समजून. पुढच्या पिढीत तिला दात फुटतात.

'आपोआप निघतं' हे तुमचं वाक्य मी अर्धंच खरं धरते. अर्धं खरं म्हणते कारण पक्षाघातानं वाचा गेलेले काही रुग्ण असतात, त्यांना 'पाणी द्या' एवढंसुद्धा जुळवून म्हणता येत नाही, पण शिवी अगदी स्वच्छ, न अडखळता येते. म्हणजे आपण वाक्यं जुळवतो ती जागा आणि शिवी ठेवलेली जागा मेंदूत एकच नसावी, हे डॉक्टरांनी फार पूर्वी टिपलंय. पान्हा निसटला आणि बोटं सोलवटली त्या क्षणी तोंडातून काही तरी सुटणं माणसाच्या स्वभावातच आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं. शिवी देत देत बसलेल्यांना तो जास्त वेळ ठेवता आला. मोरीत बसून तुम्ही केलं तेच.

पण त्याच मंडळींनी दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर जे एरवी दिवसभर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी झाला. भाऊ, हे तुम्हाला लागू आहे. वायफायला एक, सिग्नलला एक, मॅचला अकरा, असं करून तुम्ही माल उधळलाय. उद्या खरंच बोट मशीनमध्ये सापडलं तर तुमच्याकडं ओरडायला उरलंय काय?

उरलेलं अर्धं मी मानत नाही. गेल्या सोळा वर्षांत तुमच्या कंपनीच्या मालकासमोर कितीदा आपोआप निघालं? अंबाबाईच्या देवळात रांगेत पाय दुखले तेव्हा? मुलीच्या शाळेत बाईंसमोर? नाही ना. म्हणजे नळाला चावी आहे. (सगळीकडं नळच आठवतोय मला आता.) ती कुठं फिरवायची हे तुमच्या जिभेला नीट ठाऊक आहे. सासरे घरात आहेत म्हणून ती फिरवावी असं त्या सकाळी तुमच्या मनात आलं नाही, एवढंच. कदाचित सासरे आता परके राहिले नाहीत, घरचेच वाटतात, म्हणूनही आलं नसेल. तसं असेल तर ती गोष्ट त्यांना कळायला हवी.

तुमच्या आजीबद्दल वाचून मात्र मला माझीच आजी आठवली. आमच्या साताऱ्याकडची. 'मुडद्या', 'तुझं तळपट झालं', 'जळलं मेलं लक्षण', 'बेण्या', ही तिची सकाळची आन्हिकं. म्हशीला, नातवाला, उतू गेलेल्या दुधाला, सरकारला, सगळ्यांना एकाच मापानं. मी पुष्कळदा विचार केलाय की तिच्या शिव्या का बोचल्या नाहीत. एक तर त्या बहुतेक मरणाच्या आणि वाटोळ्याच्या होत्या, आईबहिणीच्या नव्हत्या. बायकांच्या शिव्यांचा खजिना जुन्या घरांत असा वेगळाच असायचा. दुसरं म्हणजे 'मुडद्या' म्हणून झालं की तीच दुधाचा पेला पुढं सरकवायची. शिवी आणि दूध एकाच हातानं. तुमच्या मित्राचं 'रांडेच्या, कुठं होतास' हेही त्याच जातीचं आहे. त्या 'रांडेच्या'त आठवण काढल्याची खूण असते, आणि ज्याला ती मिळते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसते. त्यावर मी बंदी घालणार नाही. फक्त 'रांड' म्हणजे मुळात विधवा, हे डोक्यात असू द्या. एखाद्या विधवेच्या मुलाला तुम्ही हाक मारत असाल तर त्यानं हसण्याआधी अर्धा क्षण घेतला का, ते बघा.

बायका आईबहिणीवरून देतच नाहीत असंही नाही हं. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात, लोणंदकडं, सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, वाजंत्री लावतात आणि हातवारे करून समोरच्या गावाला ज्या शिव्या घालतात, त्या ऐकून तुमचं मशीन शॉप कानात बोळे घालील. याला बोरीचा बार म्हणतात. बघायला लांबून माणसं येतात. आपला शिमगा तसाच. एरवी जे बोलायचं नाही ते होळीच्या दिवशी पालथी मूठ तोंडावर मारून बोंबलायचं. म्हणजे आपल्या जुन्या माणसांना शिवीची गरज कळत नव्हती असं नाही. त्यांनी तिला दिवस दिला, जागा दिली, मध्ये ओढा ठेवला. बार संपला की शिव्याही संपतात. तुमच्या घरात मात्र रोजचाच शिमगा आहे आणि ओढा नाही.

तुकोबांचं म्हणाल तर होय, गाथेत आहेत, चांगल्या कचकचीत आहेत. पण त्या ढोंग्यांना आहेत. वॉशर बसेना म्हणून तुकोबांनी कुणाची आई काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता बायकोचं ते वाक्य, 'तुमच्या कोल्हापुरात चालत असेल'. पत्रात तुम्ही ते चटकन सांगून पुढं गेलात, पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त ते लागलंय. आणि लागायलाच हवं. त्यात एकही शिवी नाही, व्याकरण शुद्ध आहे, आणि तरी त्यात तुमचं गाव, तुमचे आईवडील, तुमची आजी सगळे एका फटक्यात खालच्या पायरीवर बसवलेत. सभ्य बोलण्यातून माणसाला हिणवायची ही विद्या आपल्या मध्यमवर्गात घरोघरी शिकवतात. तुमचे सासरे जुने मास्तर वगैरे असतील तर रागावल्यावर 'शिंच्या' म्हणत असतील. तो 'शिंदळीच्या'चाच आखडलेला अवतार आहे. 'च्यायला' हाही 'तुझ्या आईला' याचाच. तासून, पॉलिश मारून, वर झाकण लावून तेच विकलंय, आणि ते ड्रॉइंगरूममध्ये चालतं. तेव्हा आमच्याकडं शिव्या नाहीत, असं म्हणणाऱ्या घरांत त्या फक्त इस्त्री करून ठेवलेल्या असतात.

हे सगळं खरं आहे, पण बायकोला ऐकवायचं नाही. निदान यंदा नाही. शोकात असलेल्या माणसाला शब्दांची व्युत्पत्ती शिकवायला जाणारा नवरा मी पाहिलाय. त्याची व्युत्पत्ती बरोबर होती. जेवायला मात्र त्याला बरेच दिवस बाहेर जावं लागलं.

घरापेक्षा मला तुमच्या शॉपची काळजी जास्त वाटते. 'पोरं हसत असतात' असं तुम्ही लिहिलंय. कोण पोरं? ज्यांची हजेरी तुम्ही लावता, ज्यांचा ओव्हरटाइम तुमच्या सहीनं मिळतो, ती पोरं ना? ती हसणारच. मी त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते. एक सोपी पारख सांगते. ज्याला तुम्ही शिवी देता, तो तीच शिवी तुमच्या तोंडावर परत देऊ शकतो का? तुमचा कोल्हापूरचा मित्र देऊ शकतो, देतोही, म्हणून ती दोस्ती. नवा हेल्पर देऊ शकतो का? नसेल तर ती सुपरवायझरच्या हातातली छडी झाली, मग तुम्ही कितीही हसत हसत द्या.

आणि एका बाबतीत हसण्यावारी नेऊ नका. जातीच्या नावावरून दिलेली शिवी या सगळ्या चर्चेत बसत नाही, तिला मी शिवीसुद्धा म्हणत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा त्याच्या जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आपल्या बोलण्यात असे शब्द इतके मुरलेत की कळतही नाही. निगरगट्ट माणसाला आपण सर्रास 'बेरड' म्हणतो. ते एका समाजाचं नाव आहे. त्या समाजाचा मुलगा तुमच्याच लेथवर उभा असू शकतो. तुमच्या शॉपमधल्या शिव्यांची एकदा मनातल्या मनात यादी करा आणि तिच्यात कुणाची जात, कुणाचं गाव, कुणाचं व्यंग आहे ते बघा. तेवढ्या काढल्या तरी यादी निम्मी होईल. बाकी शिवराळ बोलणं म्हणजे आपोआप अश्लीलता होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यात म्हटलंय. तेव्हा तुमच्या नळाच्या प्रकरणात पोलीस येणार नाहीत, निश्चिंत असा.

डबा मात्र आजच फ्रिजवरून उतरवा. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात सौंदाळा म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं २०२४ च्या नोव्हेंबरात ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली की पाचशे रुपये दंड. मला तो ठराव आवडला. गावात दहा भांडणं अशाच शिवीवरून पेटतात, आणि ठरावामुळं निदान बोललं तरी गेलं की या शिव्यांत अपमान होतो तो बाईचा. पण गावचं घरात चालत नाही. घरात दंड ठेवला की त्याचं हळूहळू भाडं होतं. दहा रुपये टाकले, एक झोडली, हिशेब फिटला. तुमचे चारशे सत्तर रुपये तेच सांगतायत, भाऊ. सत्तेचाळीस शिव्या तुम्ही रोखीनं विकत घेतल्यात. तेच पैसे घेऊन मुलीला आइस्क्रीम खाऊ घाला.

मग करायचं काय, ते सांगते. आधी सासऱ्यांना फोन. फोनवर 'तसा काही अर्थ नव्हता' हे वाक्य चुकूनही येऊ देऊ नका. त्यांना अर्थ समजावून नको आहे. 'बाबा, त्या दिवशी माझ्या तोंडून आईवरून शब्द गेला. घरात आई नुकत्या गेल्यात हे मी विसरलो. चुकलं माझं.' एवढंच. मग ते गप्प बसतील. बसू द्या. ती जागा भरायची घाई करू नका. त्यांना बोलायचं असलं तर ते नळाबद्दल बोलणार नाहीत, सासूबाईंबद्दल बोलतील. ऐका. पुढच्या शनिवारी शक्य असेल तर तुम्हीच संगमनेरला जा, त्यांना परत बोलावू नका. त्यांनी चहा न घेता घर सोडलंय, तो चहा त्यांच्या घरी जाऊन घ्या.

बायकोला वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही. तो फोन ती दारामागून ऐकणारच आहे.

तोंडाचं म्हणाल तर एकदम 'अरे देवा' म्हणणारे होऊ नका, ते तुम्हाला शोभणार नाही आणि आठवडाभरही टिकणार नाही. मी म्हणेन, आजीच्या पेटाऱ्यातून घ्या. मराठीत वस्तूंवर राग काढायला शब्दांचा तोटा नाही: नतद्रष्ट, दळभद्री, करंट्या, घुबडा, इब्लिस, बेण्या. 'बेण्या' तर नळाला काय झकास बसतो बघा, दात ओठ खाऊन म्हणता येतो. आजीचे मुडद्याचे आणि मढ्याचे शब्द मात्र वर्षभर बाजूला ठेवा, त्या घरात सध्या तेही लागतील. आणि आईची ती जुनी ठेवणीतली एक शिवी खरोखरीच्या दुखण्यासाठी राखून ठेवा. शॉपमध्ये बोटावर हातोडा पडेल तेव्हा, आसपास कुणाची आई, बहीण, बायको नसताना, खुशाल द्या. मीच परवानगी देते. तेव्हा ती कामालाही येईल.

फोन झाला की मला दोन ओळी कळवा. आणि हो, सगळं लिहिलंत, पण तो वॉशर शेवटी बसला की नाही ते लिहिलंच नाहीत. अजून गळत असेल तर प्लंबरला बोलवा, तुम्ही हात लावू नका.